साहेब किती, हे विचारू नये

बाणेरात नवं ऑफिस थाटताय? अभिनंदन! जागा, कॉफीचं मशीन, भिंतीवर ‘आपण एक कुटुंब आहोत’ची पाटी, हे सगळं होईल. फक्त कोणी कोणाला विचारून काम करायचं, हे ठरवून ठेवू नका. ते ठरलं की जबाबदारीही ठरते आणि मग चूक झाल्यावर खरंच कुणीतरी सापडतं.

हेन्री फेयॉल नावाच्या फ्रेंच खाण-अभियंत्याने १९१६ साली लिहून ठेवलंय, की माणसाला हुकूम एकाच वरिष्ठाकडून मिळावा. त्याने हिंजवडी कुठे पाहिली होती? आपल्याकडे दोन साहेब तरी हवेतच: ऑफिसच्या चार्टवर एक पक्क्या रेषेचा, म्हणजे थेट वरिष्ठ, आणि दुसरा डॉटेड लाइनचा, म्हणजे तुटक रेषेने जोडलेला जोड-साहेब. रजा पहिल्याने मंजूर करावी आणि गौरीजेवणाच्या दिवशी, पान वाढलेलं असताना, दुसऱ्याचा फोन यावा, ‘ऑनलाइन दिसत नाहीयेस?’ अप्रेझलला मात्र दोघेही हळहळतात, ‘माझ्या हातात असतं ना, तर तुला...’

माणसं वाटतानाही हात सैल सोडा. व्ही. ए. ग्रेक्युनास यांनी १९३३ मध्ये गणित मांडलं होतं, की हाताखाली ५ माणसं असली तर, एकेकाशी, गटागटाशी आणि त्यांचे आपापसातले धरून, साहेबाला १०० संबंध सांभाळावे लागतात. सहावा आला की २२२. तेव्हा एका साहेबाला सतरा जण द्या आणि शेजारच्या केबिनमधल्या असोसिएट डायरेक्टरला एकच. त्या एकट्याची रोज सकाळी टीम मीटिंग होऊ द्या.

मधल्या पायऱ्या भरपूर ठेवा. शनिवारवाड्याच्या गावात ‘ध’चा ‘मा’ करायला आता आनंदीबाई लागत नाहीत. (ती गोष्ट खरी की दंतकथा, यावर भांडायला इथे माणसं कमी नाहीत.) क्लायंटचं ‘बटण जरा मोठं करा’ पाच जणांच्या मेलमधून खाली येईपर्यंत ‘पोर्टल नव्याने करा’ होतं, आणि पोचतं शुक्रवारी संध्याकाळी सहाला.

कुणी १७७४च्या बारभाईंचा दाखला देऊन ‘बरेच जण मिळूनही कारभार होतो’ म्हणेल. त्याला गप्प करा. नाना फडणवीस, सखारामबापू वगैरे मंडळींत कुरबुरी असतील, पण राघोबादादांना गादीवर राहू द्यायचं नाही, एवढं त्यांचं पक्कं होतं. तुमच्या मीटिंगला बावीस जण असावेत आणि मीटिंग कशाची, हे ठरवायला आदल्या दिवशी आणखी एक मीटिंग असावी.

एवढं करूनही ऑफिस चालत असेल, तर अकाउंट्समधल्या मॅडमकडे बघा. चार्टवर त्या अगदी खाली, कोपऱ्यात. पण अडकलेलं बिल, न मिळालेला लॅपटॉप, कुणाची तरी राहिलेली सही, सगळं त्यांच्याच टेबलावर सुटतं. त्यांना चुकूनही बढती देऊ नका. दिलीत, तर इतके दिवस कंपनी कोण चालवत होतं, ते जगजाहीर होईल.

राजीनाम्याची मात्र चोख व्यवस्था लावा. कर्मचाऱ्याने तो दोन्ही साहेबांना पाठवावा, दोघांनी एकमेकांना फॉरवर्ड करावा, आणि ९० दिवसांचा नोटीस पिरियड कोणाच्या मंजुरीपासून मोजायचा, हे ठरवायला समिती नेमावी. समितीत त्या कर्मचाऱ्यालाच घ्या. कोणती फाइल कोणाकडे अडते, हे माहीत असलेला दुसरा माणूस तुम्हाला मिळायचा नाही.