डीडीटी, मलेरिया आणि रेचल कार्सन यांच्यावरचा खोटा आरोप

‘रेचल कार्सन या बाईने १९६२मध्ये “सायलेंट स्प्रिंग” लिहिलं, म्हणून जगभर डीडीटीवर बंदी आली आणि मलेरियाने कोट्यवधी माणसं मेली. ती शास्त्रज्ञही नव्हती.’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्यातला एकही आरोप टिकत नाही. डीडीटी हे डास मारायला वापरलं जाणारं कीटकनाशक, आणि कार्सन यांचं पुस्तक अशा कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवर.

आधी बंदी. अमेरिकेने १९७२मध्ये थांबवला तो मुख्यतः शेतीतला वापर. तिथला मलेरिया १९५१मध्येच हटला होता. निर्यात सुरूच राहिली. घातक, टिकाऊ रसायनांवर निर्बंध घालणाऱ्या २००१च्या स्टॉकहोम करारातही डासनियंत्रणासाठी डीडीटीला मुभा आहे. त्यानंतरही आपल्या रायगडातल्या रसायनीत सरकारी कंपनी ते बनवत होती.

श्रीलंकेत १९६३मध्ये रुग्ण उरले १७. रोग गेला असं समजून डीडीटीची फवारणी थांबवली आणि १९६८-६९मध्ये साथ लाखोंच्या घरात गेली. फवारणी पुन्हा सुरू झाली, पण डास दाद देईनात. १९७७मध्ये मॅलॅथिऑन या दुसऱ्या कीटकनाशकावर जावं लागलं. यात कार्सन कुठे आल्या?

भारतात तर १९६५चे लाखभर रुग्ण १९७६मध्ये ६४ लाखांवर गेले. तेव्हा डीडीटीवर बंदी नव्हतीच. शेतीतला वापर आपण १९८९मध्ये थांबवला. मग साथ का उलटली? घरातल्या भिंतीवर चौरस मीटरला १ ग्रॅम डीडीटी बसावं लागतं. ५० टक्क्यांची १ किलो पावडर १० लिटर पाण्यात कालवली की साधारण ५०० चौरस मीटर भिंत होते. रक्त पिऊन भिंतीवर टेकलेला डास त्याने मरतो. पण फवारणीनंतर कुणी भिंत सारवली किंवा चुना मारला, की थर झाकला जातो. पांढरे डाग पडतात म्हणून आतली खोली फवारू दिली नाही, तर डासाला तीच खोली मिळते. त्यात शेतात मारलेलं औषध वाहून पाटात, डबक्यात जातं, तिथल्या अळ्यांतल्या चिवट तेवढ्या उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. ग्रामीण भारतात मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलिस क्युलिसिफेसीसने हेच दाखवलं.

हाच धोका कार्सन यांनी पुस्तकात मलेरियाच्या डासांसह मांडला होता. कीटकनाशकं कधीच वापरू नयेत असं आपलं म्हणणं नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलंय. आरोप करणाऱ्यांनी निदान तेवढं पान तरी वाचायला हवं होतं.

आणि शिक्षण? जॉन्स हॉपकिन्समधून १९३२मध्ये प्राणिशास्त्रात एम.ए., मग अमेरिकी मत्स्य व वन्यजीव खात्यात १९५२पर्यंत नोकरी, शेवटी प्रकाशनांच्या मुख्य संपादक. १९६३मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या विज्ञान सल्लागार समितीने त्यांची मांडणी मोठ्या प्रमाणात उचलून धरली.