दिवाचला खेळवणे ही चोसिच यांची चूक नव्हती

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीच्या बास्केटबॉल संघाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक मजकूर आला आणि त्याच संध्याकाळी बहिणीने तो मला पाठवला. भाची पंधरा वर्षांची आहे आणि यंदा तिच्याहून तीन-चार वर्षांनी मोठ्या मुलींच्या संघात तिची निवड झाली आहे. मजकूर टाकणाऱ्या प्रशिक्षकांनी त्याखाली लिहिले होते, 'म्हणूनच महत्त्वाच्या सामन्यात लहान मुलींना उतरवता येत नाही.' हाच मजकूर नंतर मला आणखी दोन गटांवर दिसला, त्यामुळे त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

मजकूर क्रोएशियाचे बास्केटबॉलपटू आणि नंतरचे प्रशिक्षक क्रेशिमिर चोसिच यांच्याविषयी आहे. त्यातले दावे असे: चोसिच हा खेड्यातला अशिक्षित मुलगा होता, त्याने क्रोएशियाला मॉस्को ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळवून दिले, देशप्रेमापोटी त्याने एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेचे आमंत्रण नाकारले, प्रशिक्षक म्हणून मात्र तो साफ अपयशी ठरला, कारण १९८६ च्या विश्वविजेतेपद स्पर्धेत त्याने अठरा वर्षांच्या मुलावर विश्वास टाकला आणि त्या मुलाने जिंकलेला सामना घालवला, पुढे तो विस्मृतीत गेला. शेवटी तात्पर्य दिले आहे: मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होत नाही आणि मुलांवर मोठी जबाबदारी टाकू नये.

पहिले दोन दावे लवकर निकालात निघतात. चोसिच यांचा जन्म १९४८ साली झाग्रेब या राजधानीच्या शहरात झाला, ते वाढले अॅड्रिॲटिक किनाऱ्यावरच्या झादार शहरात, आणि १९७० ते १९७३ या काळात ते अमेरिकेतल्या युटा राज्यात ब्रिगम यंग विद्यापीठात शिकत आणि खेळत होते. अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंना दिला जाणारा ऑल-अमेरिकन हा मान मिळवणारे ते पहिले परदेशी खेळाडू ठरले. मॉस्कोचे १९८० चे सुवर्णपदक खरे आहे, पण ते युगोस्लाव्हियाचे आहे; क्रोएशिया तेव्हा त्या देशाचा एक भाग होता. स्वतंत्र क्रोएशियाचा संघ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उतरला तो १९९२ साली बार्सिलोनात, आणि तोवर चोसिच यांची खेळाडू म्हणून कारकीर्द संपलेली होती.

एनबीएच्या दाव्यात अर्धे सत्य आहे आणि ते मी मान्य करतो. १९७२ साली पोर्टलंडने आणि १९७३ साली लॉस एंजेलिस लेकर्सने, म्हणजे एनबीएमधल्या दोन संघांनी, त्यांची निवड केली होती, तरीही ते झादारला परतले. परंतु केवळ देशप्रेम हे कारण सांगताना त्या काळचा नियम वगळून चालत नाही. एनबीएमध्ये खेळणाऱ्याला आपल्या देशाच्या राष्ट्रीय संघातून खेळता येत नसे आणि ही बंदी १९८९ पर्यंत टिकली. निवड एनबीए आणि राष्ट्रीय संघ यांच्यात होती आणि त्यांनी राष्ट्रीय संघ निवडला. त्याच चोसिच यांनी १९७८ ते १९८० अशी दोन वर्षे इटलीत बोलोन्याच्या व्हिर्टस संघाकडून खेळून दोन्ही वेळा इटालियन विजेतेपद मिळवले. म्हणजे परदेशात जाऊन खेळण्याचे त्यांना वावडे नव्हते.

आता मुख्य मुद्दा. मजकुरातला सर्वांत चुकीचा आणि माझ्या मते सर्वांत घातक भाग १९८६ च्या माद्रिदमधल्या उपांत्य सामन्याचा आहे. चोसिच युगोस्लाव्हियाचे प्रशिक्षक होते आणि समोर सोव्हिएत संघ होता. शेवटचे एक मिनिटही उरले नव्हते आणि युगोस्लाव्हिया नऊ गुणांनी पुढे होता. तिथून सोव्हिएत संघाने तीन गुणांच्या तीन फेका टाकून बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना ९१-९० असा जिंकला. या तीन फेकांपैकी पहिली आर्विदास साबोनिसची आणि दुसरी वालेरी तिखोनेन्कोची. त्यानंतर चेंडू युगोस्लाव्हियाकडे असताना व्लादे दिवाच या अठरा वर्षांच्या खेळाडूकडून डबल ड्रिबलची, म्हणजे चेंडूचे टप्पे थांबवून पुन्हा टप्पे मारण्याची, चूक झाली, चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे गेला आणि वाल्दिस वाल्तेर्सने तिसरी फेक टाकून बरोबरी केली.

हे गणित शाळकरी मुलालाही जमेल. दिवाचची चूक होण्यापूर्वीच नऊपैकी सहा गुणांची आघाडी संपली होती आणि त्या सहा गुणांशी त्याच्या चुकीचा काहीही संबंध नव्हता. वाल्तेर्सला लांबून फेक टाकण्याइतकी जागा मिळाली, ती पाचही जणांच्या बचावातून मिळाली. त्यानंतर पूर्ण पाच मिनिटांचा जादा खेळ झाला आणि युगोस्लाव्हिया एका गुणाने हरला. त्या संघात द्राझेन पेत्रोविचसारखा खेळाडू होता, आणि तरीही हा सगळा पराभव सर्वांत लहान खेळाडूच्या एका चुकीवर ठेवायचा आणि ती चूक त्याला खेळवणाऱ्या प्रशिक्षकाची ठरवायची, हे मला अन्यायाचे वाटते. मजकूर लिहिणाऱ्याने हेही सांगितलेले नाही की त्याच संघाने नंतर ब्राझीलला हरवून कांस्यपदक मिळवले.

पण प्रशिक्षक म्हणून चोसिच कसे होते, हे माद्रिदपेक्षा माद्रिदनंतरच्या वर्षात अधिक कळते. इतक्या जिव्हारी लागलेल्या पराभवानंतर त्या मुलाला संघाबाहेर ठेवणे सोपे होते आणि त्याबद्दल कोणी चोसिच यांना दोषही दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. १९८७ च्या जूनमध्ये अथेन्समधल्या युरोपीय स्पर्धेसाठी त्यांनी दिवाचला पुन्हा घेतलेच, शिवाय त्याच्या बरोबरीची आणखी मुले घेतली: अठरा वर्षांचा टोनी कुकोच, एकोणीस वर्षांचा अलेक्सांदर जॉर्जेविच, वीस वर्षांचा दिनो राजा आणि एकवीस वर्षांचा झार्को पास्पाल्य. तिथे ते उपांत्य फेरीत यजमान ग्रीसकडून हरले, ज्या ग्रीसने पुढे ती स्पर्धा जिंकली, आणि पुन्हा कांस्यपदकावर थांबले. दोनच वर्षांनी झाग्रेबमध्ये दिवाच, कुकोच, राजा, पास्पाल्य आणि पेत्रोविच यांच्या संघाने युरोपचे विजेतेपद मिळवले आणि १९९० साली ब्युनोस आयर्समध्ये युगोस्लाव्हिया विश्वविजेता झाला. त्या वेळी प्रशिक्षक दुशान इव्हकोविच होते आणि त्या विजयांचे श्रेय त्यांचेच आहे. पण त्या संघातली मुले मोठ्या स्पर्धांचा ताण पहिल्यांदा कोणाच्या हाताखाली सोसून तयार झाली, हे अथेन्सच्या संघाच्या यादीत स्पष्ट दिसते. ही यादी आणि वर दिलेले निकाल आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. मजकूर पुढे पाठवण्याआधी ते पाहायला पाच मिनिटेही लागली नसती.

मुलांवर विश्वास टाकणे हा चोसिच यांचा भोळेपणा होता असे म्हणणाऱ्यांनी त्यांची स्वतःची सुरुवात पाहावी. १९६५ साली झादारने युगोस्लाव्ह विजेतेपद जिंकले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. १९६७ साली उरुग्वेतल्या विश्वविजेतेपद स्पर्धेत रौप्यपदक मिळाले तेव्हा अठरा, आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळाले तेव्हा एकोणीस वर्षांचे. त्यांच्या प्रशिक्षकांनी 'लहान आहे, बसू दे' असे म्हटले असते तर पुढची पदके कोणाच्या गळ्यात पडली असती, हा प्रश्न आमच्या प्रशिक्षकांनी स्वतःला विचारावा. चोसिच २ मीटर ११ सेंटिमीटर उंच होते, तरी चेंडू हाताळणे आणि साथीदाराला अचूक पास देणे ही त्यांची खरी ओळख होती. दिवाचसारख्या उंच मुलाच्या हाती चेंडू देण्यामागे मला हीच समजूत दिसते. दिवाच पुढे एनबीएमधल्या उत्तम पास देणाऱ्या सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच, खेळाडूंमध्ये गणला गेला आणि २०१९ साली नैस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या सन्मान-यादीत, त्याचा समावेश झाला. माद्रिदच्या चुकीवर त्याची कारकीर्द संपली नाही, कारण ती संपू न देणारा प्रशिक्षक त्याला मिळाला.

'अपयशी' या शब्दात जेवढे तथ्य आहे तेवढे नाकारत नाही. राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून चोसिच यांना सुवर्णपदक मिळाले नाही, १९८५ च्या युरोपीय स्पर्धेत त्यांचा संघ सातवा आला, आणि पुढे बोलोन्याच्या व्हिर्टस आणि अथेन्सच्या एईके या क्लबांचे प्रशिक्षक म्हणून त्यांचे नाव खेळाडू म्हणून झाले तितके मोठे झाले नाही. पण तीन वर्षांत तीन मोठ्या स्पर्धा आणि त्यांपैकी दोन कांस्यपदके, याला साफ अपयश म्हणता येत नाही.

विस्मृतीचा दावाही टिकत नाही. क्रोएशिया स्वतंत्र झाल्यावर चोसिच वॉशिंग्टनमध्ये आपल्या देशाच्या दूतावासात काम करत होते. २५ मे १९९५ रोजी वयाच्या ४६ व्या वर्षी कर्करोगाने बाल्टिमोर येथे त्यांचे निधन झाले. १९९६ साली त्यांचा नैस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, झादारच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव आहे आणि क्रोएशियाची राष्ट्रीय चषक स्पर्धा त्यांच्याच नावाने खेळली जाते.

पालकांच्या गटावर तो मजकूर अजून तसाच आहे. प्रशिक्षकांनी तो काढावा, किंवा निदान त्याखाली अथेन्सच्या संघाची यादी खेळाडूंच्या वयांसह टाकावी, असे मी त्यांना कळवले आहे. उपांत्य सामना येत्या रविवारी आहे आणि बारा जणींच्या यादीत माझ्या भाचीचे नाव आहे.