अभंगावर कुणाचे हक्क राखीव?

मराठी वेबसाइट चालवणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. मजकूर कॉपी करायला घातलेली बंदी उठवा.

आमच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर तुकोबांचा एक अभंग पाठवायचा होता. सापडला, पण ओळीवर बोट दाबून धरलं तरी ती काही सिलेक्ट होईना. कॉम्प्युटरवर राइट क्लिक केलं, तर पाटी आली: ‘कॉपी करण्यास मनाई आहे. सर्व हक्क राखीव.’ खरंच संताप आला. आपल्या कायद्यात लेखक गेल्यावर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांनी हयातीत छापलेलं सगळं २०११ च्या १ जानेवारीपासून खुलं आहे. मग सतराव्या शतकातल्या अभंगावर कुणाचे हक्क राखीव?

स्वतःचं लिहिणाऱ्यांचं दुखणं मला कळतं. नाव उडवून फिरवलेल्या कविता मीही रोज बघते आणि वाईट वाटतं. पण या बंदीने चोर अडत नाही हो. जावास्क्रिप्ट बंद केली किंवा पेजचा सोर्स उघडला की सगळा मजकूर त्याच्या हातात. अडतो तो लेखकाच्या नावासकट दोन ओळी उद्धृत करू पाहणारा विद्यार्थी. अडते ती अवघड शब्द उचलून त्याचा अर्थ शोधणारी परगावची मुलगी. अभ्यासासाठी, समीक्षेसाठी उतारा घ्यायची मुभा तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच आहे, कलम ५२ मध्ये.

याहून वाईट म्हणजे जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ. सरकारी परिपत्रकं, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांचे जुने लेख. स्क्रीनवर स्वच्छ मराठी दिसतं, पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता कचरा. कारण त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच. इंग्रजी अक्षरांच्या कोडवर देवनागरीचे आकार बसवलेले असतात. म्हणून असा मजकूर सर्चमध्येही सापडत नाही. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी हे चालूच! आणि जो माणूस डोळ्यांनी वाचू शकत नाही, त्याचा स्क्रीन रीडर हाच कचरा मोठ्याने वाचतो. मजकुराचा फोटो टाकला असेल तर तेवढंही नाही. योजनेला कोणती कागदपत्रं लागतात हे त्याने दर वेळी दुसऱ्याला विचारायचं का?

नावाची काळजी असेल तर कॉपी केलेल्या मजकुराखाली लेखकाचं नाव आणि लिंक आपोआप जोडली जाईल अशी सोय करता येते, ती करा. लेखाचे फोटो टाकू नका, टाइप केलेला मजकूर टाका. जुन्या फॉन्टच्या फाइल असतील तर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, आणि नंतर रफार आणि पहिली वेलांटी तेवढी नीट तपासा. गडबड बहुतेक तिथेच होते.