कृषी महाविद्यालयाचे सुधारित लागवड तंत्र

जमीन मध्यम ते भारी, उत्तम निचऱ्याची आणि रस्त्याला लागून असावी. निचऱ्याचं एक वेळ राहू द्या, रस्ता सोडू नका. कारण सगळ्यात आधी कमान उभी करायची आहे. निफाड तालुक्यातल्या ज्या संस्थेत मी हिशेब लिहायला होतो, तिच्या कमानीला लागलेल्या ग्रॅनाइटच्या पैशात माती परीक्षणाची प्रयोगशाळा झाली असती. पण प्रयोगशाळा बसमधून दिसत नाही.

राहुरीच्या विद्यापीठाची संलग्नता हवी तर सातबारा दाखवावा लागतो. तो दाखवा. त्यात काही पिकवण्याच्या भानगडीत पडू नका. समिती येईल त्या दिवशी गोठ्यात गाई असल्या म्हणजे झालं. आमच्याकडे त्या शेजारच्या मळ्यातून सकाळी येत आणि धारेच्या वेळेला घरी जात. (हजेरी प्राध्यापकांपेक्षा नियमित.)

आता उत्पन्न. बऱ्याच पोरांची फी सरकार शिष्यवृत्तीतून देणार असतं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज मंजूर दिसला की पैसे आलेच समजा आणि खर्चून टाका. प्रत्यक्षात ते येतील तेव्हा त्या बॅचची पोरं बारशाचे पेढे वाटायला कॉलेजात आलेली असतील. तोवर कर्ज काढा. सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना रिकामा बरा दिसत नाही. तिथे बँकेचा बोजा चढला की उतारा कसा भरल्यासारखा वाटतो.

हप्ते थकले की पगार थांबवा. हवेतला नत्र घेऊन जगणारी द्विदल पिकं प्राध्यापकांनीच शिकवलेली असतात, त्यांना अवघड जात नाही. सातव्या महिन्यात आमचे मृदाशास्त्राचे सर पिंपळगावच्या मार्केटात टोमॅटोचे क्रेट मोजू लागले. आणि शेवटच्या वर्षाची पोरं कृषिदूत होऊन गावोगाव बीजप्रक्रिया शिकवत होती. एका बांधावर एका आजोबांनी विचारलं, “बाळा, तुमच्या कॉलेजच्या रानात काय उभंय?” खरं उत्तर गाजरगवत. पोराने प्रात्यक्षिक वहीत लिहिलं, ‘शेतकऱ्याने शंका विचारल्या.’

इथवर तंत्र नीट पाळलंत तर संस्था हमखास बुडते. बुडालेली वर काढायची असेल तर मात्र आमचं अनुकरण करू नका, आमच्याकडे ते चुकून झालं.

झालं असं, की रात्रपाळीच्या वॉचमन मामांचाही पगार थकला होता. त्यांनी संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब यांच्याकडे बदल्यात वीस गुंठे मागितले. अध्यक्ष म्हणाले, “घ्या, नाहीतरी पडीकच आहे.” दिवाळीच्या सुमारास मामांनी एन-२-४-१ या वाणाचे गोल, एकडोळी कांदे निवडले, वरचा तिसरा हिस्सा कापला आणि डोंगळे, म्हणजे बी धरायचे कांदे, लावून टाकले. फेब्रुवारीत रान पांढऱ्या गोंड्यांनी भरलं. कॉलेज सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्या जमिनीत काहीतरी पिकलेलं पाहून कीटकशास्त्राचे सर पंप पाठीला लावून धावत आले. फुलकिडे होते. मामा म्हणाले, “सर, अंधार पडल्यावर मारा. आत्ता माश्या कामावर आहेत. त्यांचा तरी रोज बुडवू नका.”

साल २०२०. मार्चमध्ये लॉकडाउन लागला, कॉलेज बंद झालं, त्यामुळे पिकाला कुणाचं मार्गदर्शन मिळालं नाही आणि ते उत्तम आलं. दीडशे किलो काळंभोर बी निघालं. त्या पावसाळ्यात लोकांची रोपवाटिकेतली रोपं सडली होती, १४ सप्टेंबरला कांद्यावर निर्यातबंदी आली तरी बियाण्याची ओरड काही थांबेना. कांद्याचं बी वर्षभरात उगवण घालवतं, त्यामुळे कुणाकडे जुनं शिल्लक नव्हतं. मग त्या ग्रॅनाइटच्या कमानीखाली पहिल्यांदाच रांग लागली, आणि ती प्रवेशाची नव्हती. मामा ओल्या फडक्यात शंभर दाणे बांधून ठेवत आणि कितींना मोड आले ते गिऱ्हाइकाला मोजून दाखवत.

पुढच्या वर्षी सहा एकर. मृदाशास्त्राचे सर परत आले, पोरांनी उगवणचाचण्या घेतल्या, पिशवीवर सत्यप्रत बियाण्याचं, म्हणजे दर्जाची हमी आमचीच असं, लेबल लागलं. थकलेले पगार निघाले, मग हप्ते. बोजा एकदाचा उतरला.

रकाना पुन्हा रिकामा झाला, म्हणजे दुसऱ्या कमानीला हरकत नाही. शिवाय यश आलं की विभाग काढावाच लागतो. आम्ही ‘बीजोत्पादन विभागप्रमुख’ अशी जाहिरात दिली, पात्रता पीएचडी. मामा सातवी. त्यांचा अर्ज मीच छाननीत बाजूला ठेवला, नियम म्हणजे नियम. मुलाखतीच्या दिवशी त्यांना फाटकावर उभं केलं होतं. पहिल्या उमेदवाराने गाडीची काच खाली केली आणि विचारलं, “मामा, बीजोत्पादन विभाग कुठेय?”

मामांनी डोंगळ्यांच्या रानाकडे हात केला. गाडी इमारतीकडे गेली.