कान्होजी आंग्रे चाचे नव्हते, अलिबागला एकदा पायी फिरून बघा

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. म्हणे कान्होजी आंग्रे हा समुद्री लुटारू, कुलाबा किल्ला त्यानेच बांधला, त्याच्या तोफा अजून तिथे आहेत, शेवटी इंग्रजांनी त्याला हरवून संपवलं, आणि अलिबागला त्याच्या आठवणीचं आता काहीच उरलं नाही. वाचून खरंच वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी शेवटचं. काहीच उरलं नाही? अहो, त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे, भर वस्तीत. तिथून चालत हिराकोट किल्ल्याला जा, तो १७२० चा, त्यांनीच बांधलेला, पुढे त्याचं जेल झालं. मग किनाऱ्यावर या आणि ओहोटी असेल तर वाळूतून थेट कुलाबा किल्ल्यात चालत जा. भरतीची वेळ मात्र आधी विचारून घ्या, पाणी चढलं की पायी परत येता येत नाही.

हा किल्ला कान्होजींनी नाही, शिवाजी महाराजांनी बांधायला घेतला. काम १६८० मध्ये सुरू झालं आणि संभाजीराजांच्या काळात पुरं झालं. तटाचे मोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेत, लाट आली की पाणी फटींतून आत शिरतं आणि जोर मोडतो. मी दरवेळी तिथे हात लावून उभा राहतो. आतलं सिद्धिविनायकाचं मंदिरही नंतरचं, राघोजी आंग्रेंनी १७५९ ला बांधलेलं.

चाकांच्या गाड्यावरच्या त्या दोन तोफा, ज्यांच्यासोबत सगळे फोटो काढतात, त्यांच्यावर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलंय. तो कारखाना १७९० नंतरचा आणि कान्होजी वारले १७२९ ला, मग त्या तोफा त्यांच्या कशा असतील?

आता लुटारू, आणि हाच शब्द मला सगळ्यात जास्त लागतो. कान्होजी मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख, होते, १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी तह झाला आणि ते शाहू महाराजांच्या बाजूला आले, किल्ले रीतसर त्यांच्याकडे राहिले. किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांनी त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचं, नाही घेतलं तर जहाज धरायचं, असा नियम होता. पोर्तुगीज त्यांच्या आधी दोनशे वर्षं कार्ताझ नावाचा परवाना देऊन हेच करत होते, इंग्रज कंपनीही स्वतःचे पास द्यायचीच. मग तेच काम मराठ्यांनी केलं की चाचेगिरी? हा शब्द कंपनीच्या कागदांतला आहे, ज्यांची जहाजं पकडली गेली त्यांनी लिहिलेला, आणि आपण तो तसाच पुढे ढकलतो.

हरवलं म्हणताय तर १७१८ ला इंग्रजांनी त्यांच्या खांदेरी या बेटावरच्या किल्ल्यावर हल्ला केला, हात हलवत परत गेले. १७२१ ला इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, कॉमोडोर मॅथ्यूजची लढाऊ जहाजं, सहा हजारांच्या आसपास माणसं, तरी किल्ला पडला नाही, बाजीराव मदतीला पोचले आणि पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूला ठेवून वेगळा तह केला.

इंग्रजांसमोर आंग्रेंचा विजयदुर्ग किल्ला पडला तो १७५६ ला, तेव्हा तो कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याकडे होता, आणि त्या मोहिमेत पेशव्यांचं सैन्यही इंग्रजांबरोबर होतं. कान्होजींना जाऊन तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती.