ओढ्याचा वर्षाचा खर्च कुणी लावायचा?

पूर ओसरला, पंचनामे झाले, पुढारी येऊन फोटो काढून गेले. आता गावोगाव 'नाला खोलीकरण व रुंदीकरण शुभारंभ'चे फ्लेक्स लागतात. नारळ फुटतो, पोकलेनला हार पडतो. माझा त्या पोकलेनवर राग नाही. पण पुढच्या वर्षी त्याच ओढ्याकडे कोण बघणार, हे एकाही फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं. पोस्ट लांब आहे, सवड असेल त्यांनीच वाचा.

बाहेरच्या लोकांना सोलापूर म्हटलं की दुष्काळ, टँकर आणि चादर एवढंच आठवतं. वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा जिल्हा, इथे कसला पूर? सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीनं त्याचं उत्तर दिलं. लांबोटीजवळ पाणी वाढलं आणि पुण्याचा महामार्ग बंद ठेवावा लागला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, सीनाकाठची गावंच्या गावं पाण्यात. भीमेला वर निदान उजनी आहे, ११७ टीएमसीचं धरण, थोडंफार थोपवून धरतं. सीनेला तसा आडोसा नाही. अहिल्यानगरपासून निघून कर्जत, जामखेड, आष्टी, भूम, परंड्याकडचं पाणी गोळा करत ती येते. सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही वरची धरणं भरलेली असली की पडेल ते पाणी खाली. एरवी उन्हाळ्यात भीमा-सीना जोडबोगद्यातून पाणी कधी सुटतं याची आम्ही वाट बघतो, आणि सप्टेंबरात तीच सीना उंबऱ्यावर येते. त्यात हत्तरसंग कुडलला जिथे ती भीमेला मिळते, तिथे भीमाही फुगलेली असली की सीनेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबत येतं.

एवढा मोठा पूर ओढे साफ असते तर आलाच नसता, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. मी तसं म्हणत नाही. पण पाणी शिवारात किती दिवस उभं राहिलं, कुठलं रान खरडून गेलं आणि कुठलं वाचलं, हे मात्र ओढ्यांनी ठरवलं. नदी उतरल्यावरही आमच्या शिवेवरच्या उसात पाणी तसंच होतं, कारण बाहेर जायला वाटच नव्हती.

ती वाट का नव्हती, ते सांगतो. आमच्या ओढ्यावर पाणंद रस्त्यासाठी सिमेंटच्या नळ्या टाकून मोरी केलीय. पाणी ओसरल्यावर आम्ही तिथे खोऱ्यानं उकरलं. वर गाळाचा थर, त्याखाली उसाचं पाचट, त्यात ठिबकच्या जुन्या नळ्यांचं दोरखंडासारखं भेंडोळं, मल्चिंग पेपर, खताच्या गोण्या, आणि या सगळ्याला धरून ठेवायला आडवी पडलेली वेडी बाभळ. एका नळीतून उजेडसुद्धा दिसत नव्हता. हे काही एका पावसात साचलेलं नाही. ठिबकच्या नळ्या काही अहिल्यानगरहून वाहत आल्या नाहीत, त्या आमच्याच रानातल्या. पाचट बांधावरून ओढ्यात लोटणारे हातही आमच्याच गावचे. दर वर्षी मे महिन्यात चार माणसं दोन दिवस लागली असती तर मोरी मोकळी राहिली असती. त्या कामाला ना निविदा लागते, ना नारळ.

आणि इथेच घोडं पेंड खातं. हे काम नक्की कुणाचं? शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेची कामं जिल्हा परिषदेची, त्यापुढे सहाशेपर्यंत मृद व जलसंधारणची, त्याहून मोठी जलसंपदाची. नालाबांध कृषी विभागाचे, मोरी बांधणाऱ्याची, अतिक्रमण महसूलचं, कचरा ग्रामपंचायतीचा. पाणी मात्र एकच, वरून खाली येणारं. त्याला कुठला विभाग कुठे संपतो हे माहीत नसतं. प्रत्येक खात्याकडे 'नवीन काम' असं लेखाशीर्ष आहे. जुनं काम सांभाळायचं म्हटलं की 'तरतूद नाही'. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून, माती वाहून पाझर तलाव उभे केले. आज त्यातल्या कित्येकांच्या भरावावर बाभळी वाढल्यात आणि सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेत, झुडपं. सांडवा तुंबला की पाणी मातीच्या भरावावरून जातं, आणि मातीच्या भरावावरून पाणी गेलं की तो फुटलाच समजा. नवा तलाव बांधायच्या खर्चात असे किती सांडवे मोकळे होतील, याचा हिशोब एखाद्या इंजिनिअर मित्राने खाली मांडावा.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचंही तेच. पावसाळ्याआधी दारं काढायची, पाऊस सरता सरता बसवायची, इतकी साधी शिस्त. दारं वेळेत निघाली नाहीत तर पुराचं पाणी बंधाऱ्यावर थटतं, गाळ आणि लाकडं अडतात आणि मग नदी बाजूची माती कापून स्वतःची वाट काढते. बंधारा जागेवर उभा, शेजारचं रान गायब! काढलेली दारं नीट ठेवली नाहीत तर भंगारात जातात, आणि मग दुसऱ्या वर्षी अडवायला काहीच नसतं.

आता खोलीकरणाबद्दल, म्हणजे शिव्या खायची सोय. जलयुक्त शिवारपासून आपल्याकडे ओढा म्हणजे पोकलेननं सरळ आखलेला चर असं समीकरण झालंय. काही ठिकाणी विहिरींना पाणी वाढलं, हे मी नाकारत नाही. पण ओढ्याची वळणं काढून तो सरळ केला की पाणी धावतं, आणि धावणारं पाणी खालच्या गावात जाऊन आदळतं. वरच्याची सुटका ती खालच्याची पंचाईत. बंधाऱ्याच्या पायापेक्षा खोल उकरलं तर बंधाराच उघडा पडतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे उकरलेली काळी माती काठावरच ढिगानं टाकतात. दोन मोठे पाऊस झाले की ती परत ओढ्यात. बिल निघालेलं असतं. काढायची ती पात्रातली वेडी बाभळ आणि पाणकणीस. काठावरची करंज, उंबर, जांभूळ, निरगुडी कशाला तोडता? त्यांच्या मुळ्यांनीच तर काठ धरलाय. पोकलेनवाल्याला फरक कळत नाही, त्याला तासावर पैसे मिळतात. काम नेहमी खालून सुरू करावं, नदीच्या तोंडापासून वर. वरून साफ करत आलात तर खालच्या बुचापाशी सगळं पाणी एकदम येऊन थांबणार. हे सांगायला पदवी लागत नाही, पण प्रत्येक गावाचं इस्टिमेट वेगळं असल्यामुळे तसं कधी होत नाही.

अतिक्रमणावर थोडक्यात, कारण यावरून घराघरांत भांडणं आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०: नद्या, ओढे, नाले शासनाच्या मालकीचे. गाव नकाशात ओढा दोन रेघांनी दाखवलेला असतो. तो नकाशा घेऊन जागेवर जा, कित्येक ठिकाणी एका रेघेएवढाही उरलेला नाही, उडी मारून पलीकडे जाता येतं. आणि कुणी पाण्याची नैसर्गिक वाट अडवून तुमच्या रानात पाणी घातलं असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. आपल्याकडे हा कायदा रस्त्याच्या भांडणातच वापरतात, पाण्यासाठी क्वचित.

सोलापूर शहरातल्या मंडळींनी हे खेड्यातलं म्हणून सोडून देऊ नये. हिप्परगा तलाव १८७१ चा, आदिला नदीवर बांधलेला. तो भरून सांडला की पाणी त्याच आदिलेत येणार, दुसरीकडे कुठे जाईल? तिला आपण नाला म्हणायला लागलो, मग तिच्या काठावर भराव टाकले, मग प्लॉट पाडले. शेळगीच्या नाल्याची कथा वेगळी नाही. नुसती 'पावसाळापूर्व नालेसफाई' करून ही जागा परत मिळत नाही.

तर माझं म्हणणं असं. ओढ्याला एक मालक पाहिजे, आणि तो गावापुरता नको, उगमापासून सीनेपर्यंत त्या ओढ्याच्या सगळ्या पाणलोटाचा पाहिजे. कालव्याच्या पाण्यासाठी २००५ चा कायदा आहे, पाणी वापर संस्था आहेत. धुळे-नाशिककडे पांझरेसारख्या नद्यांवर फड पद्धतीत शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाट स्वतः साफ ठेवत आले. नीरा कालव्याखाली जमिनी पाणी साचून चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक, व्हायला लागल्या तेव्हा इंग्रजांच्या काळातच निचऱ्याचे चर खोदावे लागले, म्हणजे पाणी देण्याइतकंच ते काढून देणंही सरकारी काम आहे हे तेव्हा कळलं होतं. आज ओढ्यासाठी असं काहीच नाही.

पैसा कुठून? जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत. उसाच्या बिलातून नाना प्रकारच्या कपाती होतात, त्यात टनामागे थोडीशी रक्कम ओढ्याच्या नावानं कापा, पण त्याच पाणलोटात खर्च करा आणि हिशोब चावडीवर लावा. (होय, 'आधी कारखान्याला बिल तर देऊ द्या' ही कमेंट येणार, मला माहीत आहे. तीही रास्त आहे.) मजुरी रोजगार हमीतून बसवता येते. खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत असं पॅकेज पुरानंतर जाहीर झालं. मदत हवीच, त्यावर माझं दुमत नाही. पण वाहून गेलेली काळी माती टिपरनं आणून टाकली तरी तिला पूर्वीसारखा कस यायला वर्षं जातात. त्या रकमेचा एक छोटा हिस्सा आधी, दर एप्रिल-मेमध्ये, ऊस तुटून रानं मोकळी असताना लागला तर?

आमच्या ओढ्यावर या उन्हाळ्यात आम्ही काठकरी मिळून मोऱ्या आणि नदीच्या तोंडाजवळचा पट्टा मोकळा करायचं ठरवतोय. गाव नकाशाची नक्कल काढलीय, तलाठी भाऊसाहेब जागेवर यायला तयार आहेत. बहुतेकजण हो म्हणालेत. जे अडून बसलेत त्यांच्यात माझे सख्खे साडूही आहेत, त्यांचं म्हणणं ओढा पूर्वीपासून एवढाच होता. भाऊजी, पोस्टमध्ये तुम्हाला टॅग केलंय. नकाशा माझ्याकडे आहे, रविवारी या, चहा घेऊ आणि मोजू.