मिस्सा मराठीत आली एवढंच आपल्याला आठवतं, पण परिषदेनं दिलेली मोठी गोष्ट वेगळीच आहे

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, म्हणजे १९६२ ते १९६५ मध्ये रोममध्ये भरलेल्या जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा, विषय निघाला की आपल्या वसईच्या कॅथलिक ग्रुपांवर गाडी मिस्सावरच (चर्चमधली मुख्य उपासना) येऊन थांबते. लॅटिन गेली, मराठी आली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहायला लागले, गिटार आली, मग कोणीतरी म्हणतं जुनं किती पवित्र वाटायचं आणि कोणीतरी म्हणतं आता निदान कळतं तरी. मराठी मिस्सा मलाही जिवापाड प्रिय आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत छापली आणि तरी मिस्सा आपल्या भाषेत ऐकायला साडेतीनशे वर्षं थांबावं लागलं, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

पण कॅथलिक विचार जिथं मुळापासून हलला ती जागा म्हणजे धर्माच्या बाबतीत कुणावर बळजबरी नको असं सांगणारा परिषदेचा धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा, ७ डिसेंबर १९६५, परिषद संपायच्या आदल्या दिवशी. आणि त्याबद्दल आपल्याकडे कुणी चकार शब्द काढत नाही.

त्याआधी चर्चची भूमिका काय होती हे बघा. १८३२ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी प्रत्येकाला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य द्यावं ही कल्पनाच वेडेपणाची ठरवली. १८६४ मध्ये पोप नववे पायस यांनी चुकीच्या मतांची जी यादी काढली तिच्यातही हा विषय होताच. पुढे शंभर वर्षं सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या शाळेत) साधारण असंच शिकवलं जायचं की असत्याला हक्क नसतात, म्हणून कॅथलिक देशात सरकारनं कॅथलिक धर्माची पाठराखण करावी, बाकीच्यांना फार तर सहन करावं. म्हणजे आपण थोडे असू तिथं स्वातंत्र्य मागायचं आणि जास्त असू तिथं दुसऱ्याला ते पूर्ण द्यायचं नाही. जॉन कोर्टनी मरे नावाच्या अमेरिकन जेझुइटनं (येशूसंघाच्या फादरनं) १९५० च्या दशकात याला प्रश्न विचारले तेव्हा त्यांना या विषयावर लिहू नका असं वरून सांगण्यात आलं. परिषदेच्या पहिल्या सत्राला त्यांना बोलावलंही नव्हतं. दुसऱ्या सत्रापासून ते तज्ज्ञ म्हणून आले आणि शेवटी जाहीरनाम्याच्या मसुद्यावर त्यांच्याच विचारांची मोठी छाप पडली. ज्याला गप्प बसवलं त्याचंच म्हणणं काही वर्षांत चर्चची शिकवण झालं, हे मला फार मोठं वाटतं.

सहज नाही झालं ते. परंपरावादी कार्डिनल ओट्टावियानी आणि त्यांच्या बाजूच्यांचा कडक विरोध होता, मसुदे परत परत लिहिले गेले, नोव्हेंबर १९६४ मध्ये मतदान ऐनवेळी पुढे ढकललं तेव्हा शेकडो बिशप सह्या करून पोपकडे अर्ज घेऊन गेले, तरी सहावे पॉल बधले नाहीत. आणि त्यानंतर दोन आठवड्यांतच हेच पोप आपल्या मुंबईत आले, डिसेंबर १९६४, आंतरराष्ट्रीय युखारिस्तिक काँग्रेससाठी (कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी), आणि इथल्या इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी 'असतो मा सद्गमय' ही उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली.

या सगळ्या वादात मला सगळ्यात जास्त हलवून टाकतात ते प्रागचे कार्डिनल योसेफ बेरान. नाझींनी डाखाऊच्या छळछावणीत टाकलेला माणूस, नंतर कम्युनिस्टांनी पण कितीतरी वर्षं नजरकैदेत ठेवलेला. सप्टेंबर १९६५ मध्ये ते परिषदेत बोलायला उभे राहिले. त्यांना कम्युनिस्टांवर तोंडसुख घ्यायचा पूर्ण अधिकार होता ना? त्यांनी काढला यान हुसचा विषय. हुस म्हणजे बोहेमियाचा धर्मसुधारक, ज्याला १४१५ साली कॉन्स्टन्समध्ये जाळलं, सुरक्षित येऊ-जाऊ देण्याचं राजा सिगिसमुंडचं अभयपत्र असताना, आणि त्याला दोषी ठरवणारी पण एक धर्मपरिषदच होती!! बेरान यांच्या बोलण्याचा आशय असा की आमच्या देशात चर्च आज जे भोगतंय ते जणू तिच्या नावानं सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याविरुद्ध झालेल्या पापांचं प्रायश्चित्त आहे. स्वतः अन्याय सोसलेला माणूस आपल्या घराची चूक सांगतोय.

मग आपलं काय? गोव्यातलं इन्क्विझिशन (श्रद्धेतल्या चुकांसाठी शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय) १५६० ते १८१२, मधला थोडा खंड सोडला तर. आपण वसई-गोव्याचे कॅथलिक हा विषय निघाला की एकतर गप्प बसतो नाहीतर 'ते पोर्तुगीज होते' म्हणून हात झटकतो. जाहीरनामा स्वतः कबूल करतो की चर्चच्या इतिहासात शुभवर्तमानाला न शोभणारं, अगदी त्याच्या उलट असं वागणं झालंय. चर्चनं अधिकृतपणे लिहून ठेवलंय तर आपण का घाबरायचं?

आपल्यावर धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न आला की आपण घटनेचं कलम २५ दाखवतो आणि दाखवलंच पाहिजे. घटना समितीत जेरोम डिसोझा हे जेझुइट फादर होते याचा अभिमानही बाळगावा. पण हेही लक्षात ठेवा की भारतानं हा हक्क १९५० मध्ये प्रत्येकाला दिला आणि चर्चनं तो प्रत्येक माणसाचा हक्क म्हणून मान्य केला १९६५ मध्ये, २३०८ विरुद्ध ७० मतांनी. इतकंच नाही, हाच जाहीरनामा धर्म पसरवणाऱ्यालाही बजावतो की जबरदस्तीचा नुसता वास येईल असं काही करू नका, अप्रामाणिकपणे पटवू नका, खासकरून गरीब आणि अशिक्षित माणसाला तर नाहीच. आमच्यावर आमिषाचा आरोप होतो तेव्हा चिडण्याआधी हे वाक्य आपल्याच लोकांना मोठ्यानं वाचून दाखवायला हवं, आणि मग बाहेरच्यांनाही.

परिषदेच्या बदलांना विरोध करणारे फ्रेंच आर्चबिशप लफेव्र यांचा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. काल चूक होतं ते आज बरोबर असेल तर चर्चच्या शब्दावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रामाणिक प्रश्न आहे. पण परिषद कुठंही असं म्हणत नाही की सगळंच सारखंच खरं. सत्य शोधायची जबाबदारी माणसावर आहेच, फक्त ते पोलीस आणि कायद्याच्या धाकानं गळी उतरवता येत नाही, आणि ज्याला शोधायचंच नाही त्याच्यावरही बळजबरी करता येत नाही. ख्रिस्तानं कुणाला धाक दाखवून मागे बोलावलं होतं?

घरातलंच बघायचं तर आंतरधर्मीय लग्न. आधी मुलांना कॅथलिक म्हणूनच वाढवू अशी हमी दुसऱ्या धर्माच्या जोडीदाराकडूनही घेतली जायची. १९७० पासून वचन फक्त कॅथलिक बाजूनं द्यायचं, आपल्या परीनं होईल तेवढं करीन असं, समोरच्याला त्याची फक्त कल्पना द्यायची. तरीही लग्नाच्या बोलणीत 'मुलीला आधी बाप्तिस्मा घ्यायला लावा' असं दडपण आणणारे काका-मामा आपल्याकडे आहेत, ते मी बघितलंय. अशा बाप्तिस्म्याला माझा विरोध आहे आणि तो कॅथलिक म्हणूनच आहे.

पूर्ण जाहीरनामा पंधरा परिच्छेदांचा आहे, व्हॅटिकनच्या साइटवर इंग्रजीत फुकट मिळतो. दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणाऱ्या संस्काराच्या) वर्गातली मुलं मोठी असतात, प्रश्न विचारतात. शिकवणाऱ्या टीचर आणि सिस्टरना माझी विनंती आहे की यावर्षी निदान चौथा आणि बारावा परिच्छेद त्यांच्यासोबत वाचा, आणि वाचताना गोव्याचा विषय टाळू नका.